रक्तदानाच्या खाटेवर हे उत्तर शोधू नकोस

«ताई, मी कोल्हापुरात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. एनएसएसमध्ये आहे आणि एड्सबद्दल जागृती करणाऱ्या आमच्या रेड रिबन क्लबची विद्यार्थी प्रतिनिधीही आहे. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आम्ही रॅली काढली, पथनाट्य केलं, रांगोळी आणि पोस्टर स्पर्धा घेतल्या. हॉल खच्चून भरला होता. प्रश्नमंजूषेत पोरांनी सगळी उत्तरं बरोबर दिली. त्याच दिवशी कँटीनच्या शेजारी मोफत एचआयव्ही तपासणीचं टेबल लावलं होतं. तिथं आलेली मुलं बोटांवर मोजावीत इतकी, त्यातली निम्मी आमच्याच कमिटीतली. सर म्हणाले, एवढं सांगून पोरं येत नाहीत म्हणजे जागृती कमी पडतेय, पुढच्या वर्षी कार्यक्रम दुप्पट करा. खरंच जागृती कमी पडते का? मुलं येत का नाहीत?

ता.क. मीही तपासणी केली नाही. कमिटीतल्या मुलींना सांगितलं, माझी मागेच झालीय. ते खोटं होतं. दीड वर्ष एका मुलाबरोबर होते. गणपतीच्या आधीच आमचं तुटलं. नंतर कळलं की त्याचे आणखीही कुणाकुणाशी संबंध होते. आम्ही दर वेळी काळजी घेतली नव्हती. इथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जायची हिंमत होत नाही, आमच्या गावचं कुणी ना कुणी तिथं असतंच. १२ जानेवारीला आमचं रक्तदान शिबिर आहे. रक्त दिलं की ते तपासतातच ना? काही निघालं तर कळवतील, नाही निघालं तर प्रश्न मिटला. बरोबर आहे ना?»

नाही, बरोबर नाही. बाकीचं सावकाश वाच, पण एवढं आधी. १२ जानेवारीला शिबिरात नावं लिहून घे, बिस्किटं वाट, खुर्च्या उचल, पण त्या खाटेवर झोपू नकोस. स्वतःची तपासणी होऊन निकाल हातात पडेपर्यंत तरी नाहीच.

रक्तपेढी रक्त तपासते हे खरं आहे. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही काविळी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी करणं बंधनकारक आहे. पण ती तपासणी पिशवीची असते, तुझी नसते. ही पिशवी रुग्णाला द्यायची की टाकून द्यायची, एवढंच रक्तपेढीला ठरवायचं असतं. काही आढळलं तर दात्याला बोलावून समुपदेशन केंद्राकडे पाठवायचं असतं, पण तो फोन कधी येईल, तेव्हा तू कुठं असशील, मेसच्या रांगेत की प्रॅक्टिकलला, काही सांगता येत नाही. फोन आला नाही म्हणून काही निघालं नाही असं धरून चालणं हे तर सायन्सच्या मुलीनं करू नये. शिवाय रक्त घेण्याआधी एक फॉर्म भरून घेतात. तुझ्या मनात जी शंका आहे तिच्याबद्दलच त्यात प्रश्न असतात. तिथं तुला खोटी खूण करावी लागेल, तीही शेजारी बसून मैत्रीण तिचा फॉर्म भरत असताना. आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असेल तर तसंही परत पाठवतील. होस्टेलच्या मेसचं जेवण मी जेवले आहे, म्हणून ही शक्यता काही लहान धरत नाही.

यातलं सगळ्यात वाईट अजून सांगायचंच आहे, आणि ते तुझ्यापेक्षा हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी जास्त लागू आहे. संसर्ग झाल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत मधे काही काळ जातो. त्याला विंडो पिरियड म्हणतात. विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधणाऱ्या रॅपिड तपासणीत हा काळ साधारण तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत असू शकतो. त्या दिवसांत रक्तात विषाणू असतो, सुरुवातीला तर भरपूर असतो, आणि तपासणी मात्र निगेटिव्ह येते. मनातली शंका फेडून घ्यायला अशा दिवसांत कुणी रक्तदान केलं, तर ती पिशवी पुढे जाऊ शकते. एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे करतात, म्हणजे ती तीन जणांपर्यंत पोचू शकते. त्यातलं एखादं दर महिन्याला रक्त चढवावं लागणारं थॅलेसेमियाचं लेकरू असतं. तुझ्या मनात तसलं काही नव्हतं हे मला ठाऊक आहे. रक्तदान करून गुपचूप उत्तर मिळवायची युक्ती सुचलेली तू पहिली नाहीस, दहावीही नाहीस. माझ्यासमोर बसून कितीतरी पोरांनी ती सांगितली आहे, आणि प्रत्येकाला ती आपल्यालाच सुचली असं वाटत होतं.

तुझा हिशेब मात्र सोपा आहे. शेवटचा संबंध गणपतीच्या आधीचा, आणि आता डिसेंबर अर्धा सरला. तीन महिने उलटून गेले. त्यानंतर दुसरं काही घडलं नसेल, तर आज केलेली एकच तपासणी त्या दीड वर्षाबद्दलचं पक्कं उत्तर देईल. पुन्हापुन्हा जायला नको, तीन महिन्यांनी परत या असंही कुणी म्हणणार नाही. तू जे चार महिने उशाशी घेऊन झोपतेस ते एका सकाळचं काम आहे.

आता तुझ्या सरांचं. जागृती कमी पडते असं मला अजिबात वाटत नाही. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात चौदा वर्षं समुपदेशक म्हणून काम केलं. आमच्या केंद्राचं आधीचं नाव व्हीसीटीसी, म्हणजे स्वेच्छेनं येणाऱ्यांसाठीचं समुपदेशन आणि चाचणी केंद्र. पुढे त्याचं आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन आणि चाचणी केंद्र झालं, आणि नावातला तो स्वेच्छा शब्द गेला. मला त्याची चुटपुट लागली, कारण सगळं घोडं अडत होतं ते त्या एका शब्दावरच. बाळंतपणाला आलेल्या बायका तपासणी करत, टीबीचे रुग्ण करत, ऑपरेशनचे रुग्ण करत. त्यांना डॉक्टरनं पाठवलेलं असे. आपल्या पायानं, आपल्या मनानं, कुणी न सांगता येणारी माणसं थोडी, आणि त्यात कॉलेजची पोरं तर फारच थोडी. ही पोरं अडाणी नव्हती. एचआयव्ही कसा पसरतो याचे चारही मार्ग त्यांना तोंडपाठ असत. डास चावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, हेही पाठ. तुमच्या प्रश्नमंजूषेत झालं तसंच.

आमच्या खोलीसमोरच्या भिंतीवर क्षयरोगाचं एक पोस्टर होतं. एक मुलगा ते पोस्टर वाचायला यायचा. पाच मिनिटं वाचायचा, आमच्या दाराकडे बघायचा, निघून जायचा. असं त्यानं तीनचार वेळा केलं. आमच्या शिपाईमामांनी एकदा त्याला विचारलं, टीबी झालाय का रे? त्यानंतर तो दिसला नाही. मामांचा काही दोष नव्हता, त्यांना कळवळ्यानंच विचारायचं होतं. पण त्या पोराला ओलांडायचा होता तो फक्त तीन फुटांचा उंबरा, आणि नेमक्या त्याच तीन फुटांवर कुणीतरी त्याला पाहिलं.

तुमच्या टेबलाचं हेच झालं आहे. कँटीनच्या शेजारी टेबल! कुणी सुचवलं असेल ते असो, पण जिथं अख्खं कॉलेज चहा पितं तिथं एखाद्या मुलीनं एचआयव्हीच्या बॅनरखाली बाही वर करायची, आणि संध्याकाळपर्यंत होस्टेलच्या तिन्ही मजल्यांवर तिचं नाव फिरायचं. रोगाचं भय त्यानंतरचं. तपासणीला जाणं म्हणजे कबुली देणं, अशी आपल्याकडची समजूत आहे. साखर तपासली म्हणून कुणी म्हणत नाही, काय गं, एवढी जिलेबी खाल्लीस? इथं मात्र तपासणीचा निकाल यायच्या आधीच माणसाचा निकाल लागतो. मुलग्याला एक वेळ मित्र खांद्यावर थाप मारून हसतील. मुलीचं तसं नसतं, आणि ती अविवाहित असेल तर नाहीच नाही. कार्यक्रम दुप्पट केला तर त्या टेबलाकडे बघणारे डोळे दुप्पट होतील, दुसरं काही होणार नाही.

यात आमच्या खात्याचाही वाटा आहे, आणि तो मी झाकणार नाही. पूर्वीची पोस्टरं आठव. कवटी, हाडं, अंधारात उभी बाई, ट्रकचं चाक. वर्षानुवर्षं तेच चित्र दाखवलं गेलं. जोखमीच्या गटांपर्यंत आधी पोचायचं हे धोरण चुकीचं नव्हतं, पण त्याचा उलटा अर्थ पोरांनी असा घेतला की हा रोग त्या लोकांचा, आपला नाही. आपण तर प्रेम करतो. एकाच मुलाशी, एकाच मुलीशी. त्या एकाच्या मागे आणखी कोण कोण आहे हे मात्र कुणी विचारत नाही, तूही विचारलं नव्हतंस. त्यात तुझा दोष काढत नाही. बाविसाव्या वर्षीच्या प्रेमात तसं विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही.

हे आपल्याकडचं नाही, हा भ्रम इथं फार जुना आहे. गंमत म्हणजे तो पहिल्यांदा मोडला तोही एका विद्यार्थिनीनंच. सेल्लप्पन निर्मला मद्रास मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकत होत्या. प्रबंधासाठी विषय हवा होता, आणि मार्गदर्शक सुनीती सॉलोमन यांनी हा विषय सुचवला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. भारतात हा विषाणू आहे की नाही ते बघू, असा तो विषय होता, आणि तेव्हा बहुतेकांची खात्री होती की नसणारच, हे सगळं अमेरिकेतलं. निर्मलाबाईंनी रक्ताचे नमुने गोळा केले. चेन्नईत तपासायची सोय नव्हती म्हणून ते वेल्लोरला नेले. १९८६ साली त्यातले सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. एका मुलीच्या परीक्षेच्या प्रबंधातून देशाला उत्तर मिळालं. तुमच्या क्लबच्या पुढच्या पोस्टरवर कवटीऐवजी निर्मलाबाई असाव्यात असं मला फार वाटतं.

माझी स्वतःचीही एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक मुलगी आली होती, तुझ्याच वयाची, तोंडाला स्कार्फ घट्ट बांधलेला. खुर्चीवर बसून तिनं तो सोडला, आणि मी फॉर्म पुढे ओढून पहिला प्रश्न विचारला, लग्न झालंय का? रकाना तसाच होता, पण माझ्या आवाजात त्या रकान्यापेक्षा जास्त काहीतरी असणार. तिनं स्कार्फ परत बांधला आणि फोन आलाय म्हणून बाहेर गेली, ती गेलीच. त्यानंतर मी तो प्रश्न शेवटी विचारायला लागले. तुझ्या वाट्याला माझ्यासारखी नवशिकी आली तर उठून जाऊ नकोस. मला फक्त तपासणी करायची आहे, असं म्हण. तेवढं म्हणायचा तुला हक्क आहे.

तर आता जायचं कुठं आणि तिथं होतं काय.

सीपीआरची तुझी भीती मला खोटी वाटत नाही. जिल्ह्याचं रुग्णालय म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचे पाव्हणे तिथं. पण या तपासणीला पत्त्याचं बंधन नाही. तू कोल्हापूरची आहेस म्हणून कोल्हापुरातच कर असं कुणी म्हणत नाही. मिरजेला सरकारी रुग्णालयात हे केंद्र आहे, सांगलीला आहे, इचलकरंजीला आहे. सकाळची गाडी पकडून मिरजेला जा, दुपारच्या जेवणाला परत येशील. मिरजेत तुझ्या गावचं कुणी भेटलंच, तर ते तिथं का आले हे त्यांनाही सांगायचं नसेल, असं समज. बाहेरच्या खिडकीवर केस पेपर मागितला तर आयसीटीसीला जायचंय एवढंच सांग, जास्त काही बोलू नकोस. पत्ता नक्की करायचा असेल तर १०९७ हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. फोनला पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, नाव विचारलं तर सांगायची सक्ती नाही. जवळचं केंद्र ते सांगतील. रात्री अकरा वाजता गच्चीवर जाऊन फोन केलास तरी चालेल, मला असे फोन करणाऱ्या पोरी ठाऊक आहेत.

खोलीत शिरल्यावर दार लावतात. समुपदेशक तुझं नाव, वय, शिक्षण लिहून घेते, तुला एक नंबर मिळतो. कशासाठी आलीस ते विचारते. संबंधांबद्दल प्रश्न येतील, त्यातले काही ऐकायला कानाला बोचतील. ज्याचं उत्तर द्यायचं नाही त्याला नाही म्हण, तपासणी त्यावाचून अडत नाही. मग ती तपासणीची माहिती देते आणि तुझी संमती घेते. तुझं वय अठराच्या वर आहे, तेव्हा घरच्यांची सही लागत नाही. पुढे लॅबमध्ये दंडातून थोडंसं रक्त घेतात. रॅपिड किटवर तपासणी होते, आणि बहुतेक ठिकाणी निकाल त्याच दिवशी मिळतो. पहिल्या किटवर काही दिसलं नाही तर निगेटिव्ह, झालं. दिसलं तर लगेच शिक्का मारत नाहीत. आणखी दोन वेगळ्या किटवर तेच रक्त तपासतात, आणि तिन्हींचं जुळलं तरच पॉझिटिव्ह म्हणतात. निकाल तुलाच देतात, तुझ्या हातात, बसवून, बोलून. घरी पत्र जात नाही. कॉलेजला तर नाहीच नाही.

खासगी लॅबमध्ये जाऊ का, असं तुझ्या मनात येईलच. काहीशे रुपयांत होते, आणि तिथं गर्दी नसते. जाऊ नकोस असं नाही म्हणत. पण बऱ्याच लॅबमध्ये रक्त घेतात आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकतात. एकाच किटवर चुकून रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह असावं असं, आलं, आणि तसं कधीकधी येतं, तर रात्री होस्टेलच्या खोलीत मोबाइलचा उजेड तोंडावर घेऊन तो शब्द एकटीनं वाचावा लागेल. वास्तविक २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तपासणीच्या संमतीतच आधीचं आणि नंतरचं समुपदेशन येतं, आणि ते खासगीलाही लागू आहे. कागदावर. सरकारी केंद्रात निदान त्यासाठी पगार घेणारं एक माणूस खुर्चीवर असतं.

तिथं गेलीसच आहेस तर सिफिलिस आणि बी काविळीबद्दलही विचार. काळजी न घेता झालेल्या संबंधातून एचआयव्हीपेक्षा ही दोन्ही सहज होतात, आणि त्यांच्याबद्दल आपण एक शब्द काढत नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत यासाठी सुरक्षा क्लिनिक नावाचा विभाग असतो. अंगावर पांढरं जातंय, आग होतेय, गाठ आलीय असं काही असेल तर तिथंच दाखव, मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या घेऊ नकोस.

आणि निकाल पॉझिटिव्ह आला तर? तू हे विचारलं नाहीस, पण पत्रभर तेच विचारते आहेस. शक्यता कमी आहे. आपल्या देशात प्रौढ माणसांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण हजारात दोनच्या आसपास आहे. पण आकड्यानं पोटातला गोळा जात नाही हे मला माहीत आहे, म्हणून त्यापुढचंही सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा पॉझिटिव्ह सांगताना माझाच आवाज फुटायचा नाही, कारण पुढे द्यायला हातात काही नव्हतं. २००४ साली सरकारनं एआरटीची, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. मग बरीच वर्षं सीडी-४चा, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा खाली आला तरच औषध, असा नियम होता. २०१७पासून तोही गेला. आता निदान झालं की औषध सुरू. दिवसाला एक गोळी, फुकट. नियमानं घेतली की काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला जात नाही. लग्न होतं, निरोगी मुलं होतात. माझ्या केंद्रात तपासणी झालेल्या एका मुलीनं मला बारशाला बोलावलं होतं. मी गेले, घुगऱ्या खाल्ल्या, आम्ही एकमेकींना कुठून ओळखतो हे त्या घरात तिच्या नवऱ्यावाचून कुणाला ठाऊक नव्हतं.

कायद्याचंही ऐकून ठेव. तो १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कॉलेज काढून टाकू शकत नाही, होस्टेलची खोली नाकारू शकत नाही, नोकरीवर घेताना तपासणीची अट घालू शकत नाही. कोर्टाचा आदेश वगैरे मोजके अपवाद सोडले तर तुझ्या लेखी संमतीवाचून तुझा निकाल कुणी कुणाला सांगू शकत नाही. त्या मुलाला कळवायची वेळ आली, तर कसं कळवायचं ते समुपदेशक तुझ्याबरोबर बसून ठरवेल. निगेटिव्ह आलं तर त्याला काही कळवायचं तुझ्यावर बंधन नाही. त्यानं तुला काय कळवलं होतं?

याच कायद्यावरून तुझ्या क्लबला एक इशारा. सरांच्या डोक्यात पुढच्या वर्षी शंभर टक्के विद्यार्थ्यांची तपासणी असं काही आलं, तर तिथंच थांबवा. मनाविरुद्ध, दबावानं, हजेरी लावून केलेली तपासणी बेकायदा आहे. किती पोरांनी केली याचा आकडा फळ्यावर लिहू नका. टेबलाचे फोटो ग्रुपवर टाकू नका. आणि कुणी माझी झालीय म्हणालं तर खोटं की खरं हे तपासायला जाऊ नका. ते का म्हणावं लागतं हे तुला आता माहीत आहे.

करायचंच असेल तर असं करा. एचआयव्हीचं वेगळं टेबल नकोच. मुलींची हिमोग्लोबिन तपासणी ठेवा, रक्तगट ठेवा, वजन-उंची, रक्तदाब ठेवा. एका बंद खोलीत एकेकीला आत घ्या, आणि आतमध्ये, दार लावल्यावर, समुपदेशकानं विचारावं, एचआयव्हीचीही करायची आहे का? हो म्हणाली काय, नाही म्हणाली काय, बाहेर येताना प्रत्येकीच्या हातात सारखाच कागद. बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना काही कळता कामा नये. हे पथनाट्यापेक्षा कंटाळवाणं आहे, वर्तमानपत्रात फोटोही येणार नाही. त्याहून साधं म्हणजे सोबत. क्लबमधल्या दोन मुली आणि दोन मुलगे असे तयार करा की जे रुग्णालयापर्यंत कुणाबरोबरही जातील, काही न विचारता, बाहेर बाकावर बसून राहतील. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांतले बहुतेक जोडीनं येत. मित्रासाठी विचारायला आलोय, असं म्हणणाराच पुष्कळदा खरा असे, आणि मित्र खरोखर बाहेर बसलेला असे. त्या बाहेर बसणाऱ्यानं जितकी माणसं आत आणली तितकी आमच्या पोस्टरांनी आणली नाहीत.

आणखी एक गोष्ट पथनाट्यात नसते आणि असायला हवी. कंडोम फाटला, किंवा जबरदस्ती झाली, तर बहात्तर तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठायचं. जितकं लवकर तितकं चांगलं. संसर्ग रोखायची औषधं अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. त्याला पेप म्हणतात. बहात्तर तास उलटले की त्याचा उपयोग राहत नाही. आठवडाभर गूगल करून मग आलेली पोरं मी पाहिली आहेत. तुमच्या होस्टेलच्या बाथरूमच्या दारामागे, जिथं कुणी वाचताना दिसत नाही, तिथं एवढी चार वाक्यं आणि १०९७ चिकटवलंत तरी रॅलीपेक्षा ते जास्त कामाचं आहे.

तुझ्यासाठी शेवटचं. सोमवारी जाऊ नकोस, ओपीडीला मुंगी शिरायला जागा नसते. मंगळवार किंवा बुधवार बघ, सकाळी लवकर पोच. तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा नाश्ता करून निघ. अर्ध्या बाहीचा किंवा सैल बाहीचा ड्रेस घाल. स्कार्फ बांधायचा असेल तर खुशाल बांध, तिथं निम्म्या मुली बांधूनच येतात. आणि कमिटीतल्या ज्या मुलीला तू माझी झालीय असं सांगितलंस, तिला बरोबर घेऊन जाता आलं तर बघ. तिची तरी झाली आहे का, कुणास ठाऊक.